वाटेत संपलेलं पाणी

मोहरम सुरू झालाय हे आमच्या गावात चंद्रावरून कळत नसे, दस्तगीर चाचांच्या रागावरून कळे. वर्षभर गालात तंबाखू धरून बसणारे चाचा चंद्र दिसला की डबी चुन्यासकट कोनाड्यात ठेवून द्यायचे. मग दहा दिवस पायात चप्पल नाही, झोपायला खाट नाही, तोंडात तंबाखू नाही. पहिल्या दोन गोष्टी ते हसत सोडत. तिसरी मात्र सोसत नसे. डेअरीवर कुणी सहज विचारावं, "चाचा, बरं हाय न्हवं?" की उत्तर यायचं, "बरं नसलं तर तू काय डाक्टर लागून गेलास व्हय?" विचारणारा हसत घरी जायचा आणि बायकोला सांगायचा, चंद्र दिसला बरं का.

दस्तगीर मुजावर. आष्ट्याजवळच्या आमच्या गावात मशिदीला लागून पिराची खोली आहे, तिची सेवा पिढ्यान् पिढ्या त्यांच्या घराकडे. पोटापाण्यासाठी मात्र ते एसटीत ड्रायव्हर होते. सांगली-सातारा, सांगली-महाबळेश्वर, आणि नोकरीच्या शेवटी शेवटी आमच्या गावावरून जाणारी आष्ट्याची गाडी. ठेंगणे, मनगटं जाड, दाढी मेंदीनं तांबूस. निवृत्त होऊन कैक वर्षं झाली तरी खाकी पँट सुटली नव्हती. "सरकारनं मला रिटायर केलंय, खाकीनं न्हाई," म्हणायचे. पाराच्या कट्ट्यावर बसले तरी उजवा पाय ब्रेकवर असल्यासारखा पुढे ताणलेला.

माणसांची पारख ते गाडीच्या भाषेत करत. एखाद्याचं इंजिन चांगलं, पण स्टेरिंग बायकोच्या हातात. दुसरा एखादा न्यूटरलवर घाट उतरतोय, कवातरी जाणार. माझ्याबद्दल त्यांचं मत ठरलेलं होतं. "अरण्याचा हॉर्न बिघडलाय. वाजतच न्हाई." माझं नाव अरुण. आष्ट्याच्या एका शाळेत भूगोल शिकवतो, म्हणजे दिवसभर बोलतो. पण शाळेबाहेर मी न बोलणाराच माणूस. गप्प बसणं हा स्वभाव आहे असं मी बरीच वर्षं मानत आलो. ते पुष्कळदा नुसतं सोयीचं असतं, हे आता लिहिताना कळतंय.

चाचांच्या गाडीत बसलेल्या कुणालाही विचारा, तो आरशाबद्दल सांगेल. स्टँडवरून गाडी काढण्याआधी ते बाजूच्या आरशात निरखून बघत. मागून कुणी धावत येत असेल तर गाडी हलायची नाही. कंडक्टर घंटी मारून मारून थकायचा.

"चाचा, टायम झाला!"

"गाडीचा झालाय. त्या बाईचा न्हाई झाला."

बाई धापा टाकत चढायची आणि मग चाचा तिला आष्ट्यापर्यंत फैलावर घ्यायचे. "घरातनं लवकर निघायला काय हुतंय? समद्या गाडीचा खोळंबा! उद्या न्हाई थांबणार, सांगून ठेवतो." उद्या पुन्हा थांबायचे आणि पुन्हा ओरडायचे. दोन्ही तितक्याच मनापासून.

आता आमच्या घराचा त्यांच्याशी काय संबंध, ते सांगायला हवं. आम्ही पाटील. मळ्यात घर, घरासमोर विहीर. आशूऱ्याच्या दिवशी, म्हणजे मोहरमच्या दहाव्या दिवशी, पिराच्या अंगणात मोठ्या काहिलीत गूळ, बडीशेप नि वेलची उकळून सरबत करतात. ते साऱ्या गावाला वाटतात आणि मग खोलीत बसवलेले पंजे, म्हणजे काठीवरचे पाच बोटांचे धातूचे हात, नदीला जातात. या सरबताचं पहिलं पाणी आमच्या विहिरीचं. घरातल्या कर्त्या पुरुषानं शेंदायचं, घागर खांद्यावर घ्यायची, अनवाणी चालत पिराच्या अंगणात न्यायची. हे कधी सुरू झालं कुणाला सांगता येत नाही. आमच्या आजोबांनी नेलं, वडिलांनी नेलं. वडील गेले त्या वर्षी घागर माझ्या खांद्यावर आली.

त्या पहिल्या वर्षीची माझी फजिती गाव अजून सांगतं. मी घागर काठोकाठ भरली. वर ओला फडका बांधला. मैलभर चिखलाच्या वाटेनं अशी सांभाळून नेली की थेंब सांडला नाही. अंगणात घागर उतरवली तेव्हा, खोटं कशाला सांगू, छाती जरा फुगली होती. चाचा पुढे आले. फडका सोडून आत डोकावले.

"भरलेली आणलीस?"

"व्हय चाचा. थेंब सांडला न्हाई."

"वाटंत कुणी भेटलं न्हाई?"

"भेटली की. भांगलणाऱ्या बाया होत्या, ओढ्यावर एक टेंपो पंक्चर होऊन थांबला होता..."

"मग त्यांस्नी काय पाणी कडू लागतंय व्हय तुझ्या हिरीचं?"

अंगणात हशा पिकला. चाचा हसले नाहीत. तंबाखूविना दहावा दिवस होता. "तोंड झाकून आणलीस. म्हंजी मागणाऱ्यानं मागायचं बी न्हाई. जा, परत जा. अर्धी घेऊन ये."

तेव्हा मला कळलं की वडील दर वर्षी अर्धीच घागर घेऊन का पोचत. आम्हा पोरांना वाटायचं, त्यांचा खांदा हलतो. मी तसाच मागे फिरलो. बायांना ओंजळी भरून पाणी पाजलं. टेंपोवाला म्हणाला, "पिणार न्हाई, रेडिएटरमध्ये ओततो, चालंल?" म्हटलं, ओत. एका कुत्र्यापुढे डबक्यात ओतलं तेव्हा मात्र इकडेतिकडे बघून घेतलं. परत आलो तर घागर अर्ध्याहून खाली. चाचांनी आत बघितलं आणि माझ्या डोक्यावर हिरवं फडकं बांधलं. "आता पोचली," म्हणाले.

त्या संध्याकाळी पंजे नदीवरून परतल्यावर आम्ही दोघंच पिराच्या पायरीवर बसलो होतो. त्यांनी तंबाखूची डबी उघडली होती, त्यामुळे बोलायला मोकळे होते. मी विचारलं, पाणी आमच्याच घरचं का? तुमच्या दारात नळ आहे, बोअर आहे.

"आमचंच पाणी आमीच प्यालो तर त्यात काय आलं? तहान भागली, बास. दुसऱ्याच्या घरचं पाणी आपणहून चालत आलं, म्हंजी दिवस साजरा झाला."

मग त्यांनी मला आशूरा सांगितला. धर्माच्या पुस्तकात असतो तसा नाही, ड्रायव्हर रस्ता सांगतो तसा. "याच दिशी मूसा पैगंबरास्नी दर्यानं वाट दिली. पाणी दुभंगलं, त्यांची माणसं पार झाली, म्हून रोजा धरायचा. आन् याच दिशी, कितीतरी वर्सांनी, हुसेनसाहेबांस्नी नदीच्या काठाला पाण्याचा घोट मिळाला न्हाई. नदी समोर वाहतीया, आन् लेकरू तान्हेलंय. म्हून रडायचं. एकाच दिशी दोनी. तवा या दिशी पाण्याकडं नीट बघायचं. त्ये वाट बी देतं आन् माणूस त्ये अडवून बी धरतो."

पिंक टाकली.

"हुसेनसाहेबांस्नी बोलावणारे लय हुते बरं का. 'या, आमी हाय तुमच्या मागं' म्हून निरोपावर निरोप. ऐन वक्ताला समदे दारं लावून घरात बसले. तलवार चालवणारे थोडेच असत्यात अरण्या. दारं लावून बसणारे लय."

आशूऱ्याच्या दिवशी चाचा कुणाकडे काही मागत नसत. पाण्याचा तांब्या नाही, बसायला पाट नाही, 'जरा सरक' एवढंही नाही. हुसेनसाहेबांच्या त्या नदीकाठी एकदा मागणं झालं, मिळालं नाही; आता या दिवशी परत मागायचं नाही. देणाऱ्यानं ओळखायचं. हा नियम त्यांना वडिलांनी दिला की त्यांनी स्वतः केला, ठाऊक नाही. पण पाळायचे ते इतक्या कडकपणे की एकदा सरबताच्या काहिलीखालचा जाळ त्यांच्या पायाशी आला, तरी "लाकडं ओढा" म्हणाले नाहीत. आपणच उडी मारून बाजूला झाले आणि मग सगळ्यांना आंधळे म्हणून मोकळे झाले.

त्यांचं हे सगळं त्यांच्या स्वतःच्या घरात सर्वांना मान्य होतं असं नाही. पुतण्या यासीन शिकलेला, नमाजी, सरळ मुलगा. त्याचं म्हणणं, रोजा धरा, दुवा करा, दान करा. पंजे बसवणं, मिरवणं हे आपल्या धर्मात नाही. कट्ट्यावर काका-पुतण्याची जुंपायची.

"चाचा, पुस्तकात कुठं लिवलंय सांगा."

"पुस्तकात गावाचं नाव बी न्हाई आपल्या. म्हून काय गाव सोडू?"

"आणि ते पाणी? आता कोण आणणार हाय तुमाला पाणी? दिवस बदलल्यात."

"पाटलाच्या घरचं पाणी येतंय का न्हाई बघ धाव्या दिशी. न्हाई आलं तर तू म्हणशील तसं."

हे त्यांनी माझ्यासमोर, छाती पुढे काढून म्हटलं. मी हसलो. नेहमीप्रमाणे काही बोललो नाही.

मागच्या वर्षीची गोष्ट इथून सुरू होते.

त्या वर्षी आमच्या भागात हवा बरी नव्हती. जवळच्या एका गावात कुणाच्या तरी मोबाइलवरच्या चित्रावरून बाचाबाची झाली, दुकानं बंद झाली. आमच्या गावात काही घडलं नाही. फक्त लोक बोलताना आजूबाजूला बघू लागले. त्याच सुमारास दूध संस्थेची निवडणूक आली आणि मला एका पॅनेलमध्ये घेतलं. मास्तर, शांत माणूस, कुणाशी वाकडं नाही. पॅनेलची बैठक आमच्याच पडवीत झाली. चहा झाल्यावर एकानं मोबाइल पुढे केला. आदल्या वर्षीचा फोटो होता. माझ्या खांद्यावर घागर, डोक्यावर हिरवं फडकं.

"सर, ह्यो फोटो फिरतोय. यंदा जरा बेतानं घ्या. नका जाऊ असं आमी म्हणत न्हाई."

"तब्येत बरी नाही म्हणा," दुसरा म्हणाला. "एक वर्साचा तर प्रश्न."

मी म्हणालो, "बघू."

नाही म्हटलं असतं तर तेही एक बोलणं झालं असतं. हो म्हटलं असतं तर निदान चाचांना आधी कळवावं लागलं असतं. 'बघू' म्हटलं आणि दोन्हींतून सुटलो.

आशूऱ्याच्या दिवशी पावसानं उघडीप दिली होती. शाळेला मोहरमची सुट्टी होती, मी आतल्या खोलीत पुस्तक घेऊन बसलो. घागर न्यायची वेळ टळली. मनाशी म्हटलं, ते समजून घेतील, नळाचं पाणी घेतील, सरबत होईल. तेवढ्यात सुनंदा, माझी बायको, स्वयंपाकघराच्या खिडकीतून म्हणाली, "आवं, चाचा आल्यात."

मी खिडकीच्या आडोशाला उभा राहिलो. चाचा अनवाणी, चिखलानं भरलेल्या पायांनी विहिरीच्या कट्ट्यावर बसले होते. शेजारी पिराची घागर, रिकामी. घराकडे बघत नव्हते. पाण्याकडे बघत होते. पाऊसकाळ, विहीर वरपर्यंत आलेली, वाकून हात घातला तर लागेल एवढी. हात घातला नाही. हाकही मारली नाही. ती ते मारणार नव्हते, हे त्या घरात मला एकट्याला ठाऊक होतं.

"रोजा असंल त्यांचा," सुनंदा म्हणाली. "जावा की. निदान म्या पाण्याचा तांब्या तरी देऊन येते."

मी तिला म्हणालो, "नको. बसू दे."

हे शब्द पुढे वर्षभर मी कुणाला सांगितले नाहीत. त्या दिवशी कुणी मला धमकावलं नव्हतं. कुणी दारात उभं नव्हतं. फाटकाबाहेरच्या रस्त्यावर एक माणूसही नव्हता. दहा पावलं जाऊन पोहरा सोडायचा होता. मी शर्टाची बटणंही लावली होती. पण आता गेलो तर 'इतका वेळ कुठं होतास' याचं उत्तर द्यावं लागेल, असं वाटत गेलं, आणि जितका वेळ गेला तितकं ते उत्तर अवघड होत गेलं.

दिवस मावळला. मशिदीतली बांग मळ्यापर्यंत आली. चाचांनी सदऱ्याच्या खिशातून खजूर काढला, तोंडात टाकला. बराच वेळ चघळत राहिले; पाण्याविना तो गिळवत नसावा. मग उठले. रिकामी घागर खांद्यावर घेतली, भरलेली घेतात तशी, आणि वाटेला लागले.

त्या संध्याकाळी सुनंदाची भांडी जरा जोरात वाजली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मान खाली घालून डेअरीवर गेलो. कोण काय बोलेल, याची उत्तरं वाटेत तयार केली होती. तर दारातच एकानं पाठीवर थाप मारली.

"सर, मानलं तुमाला! अंगात ताप, तरी अर्ध्या वाटंपतोर गेलासा. आन् समदं पाणी वाटंत वाटून टाकलं म्हणं!"

मला काही समजेना. मग तुकड्या-तुकड्यांनी समजलं. चाचा रिकामी घागर घेऊन अंगणात पोचले तेव्हा माणसं ताटकळली होती. यासीनही भिंतीला टेकून उभा होता. कुणीतरी विचारलं, पाणी? चाचांनी घागर काहिलीवर उलटी धरली, हलवली आणि मोठ्यानं म्हणाले, "यंदा पाटलाच्या पोरानं कमाल केली. समदं वाटंतच संपवलं. अंगात ताप भरला म्हून घरला लावून दिला त्येला. बघा, थेंब ठेवला न्हाई!"

अर्धी घागर पोचणं चांगलं. रिकामी पोचली असं आमच्या गावानं कधी ऐकलं नव्हतं. लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं म्हणे. नळाच्या पाण्याचं सरबत झालं आणि गाव ते माझं नाव घेऊन प्यालं.

मी डेअरीत उभा होतो. 'असं नाही' म्हणायला दोन शब्द लागतात. मी कॅन पुढे सरकवला आणि म्हणालो, "फॅट बघा."

निवडणुकीत मी निवडून आलो. मुजावर गल्लीनं मला भरभरून मतं दिली. पॅनेलचे लोकही खूश होते. मी अंगणात दिसलो नव्हतो. असा दोन्हीकडून जिंकलेला माणूस गावात दुसरा नव्हता.

चाचा भेटत राहिले. कट्ट्यावर, स्टँडवर. हसत, विचारपूस करत. बदल एवढाच की मला 'अरण्या' म्हणणं त्यांनी बंद केलं. "काय सर, शाळा काय म्हणतीया?" रागानं नाही, अगदी आदबीनं. सारं गाव मला सर म्हणतं. त्यांच्या तोंडून तो शब्द ऐकला की मी काहीतरी काम काढून तिथून निघायचो.

हिवाळ्यात त्यांना छातीचं दुखणं झालं. मिरजेच्या दवाखान्यात बरेच दिवस काढले आणि मग त्यांची लेक शहनाज त्यांना आपल्या घरी रहिमतपूरला घेऊन गेली. जाऊ जाऊ म्हणत मी उन्हाळा घालवला. शाळेला सुट्टी लागून संपत आली तेव्हा एका दुपारी पोचलो. चाचा पडवीत खाटेवर होते. दाढीची मेंदी उतरून खालचे पांढरे केस दिसत होते. खाकी पँट मात्र होती.

"बसा सर."

शहनाजनं पाणी आणलं, आत गेली. मी म्हणालो, "चाचा, मला बोलायचंय. गेल्या साली..."

"त्ये मला ठावं हाय. म्या तिथंच हुतो की."

"मी घरात होतो."

"त्ये बी ठावं हाय. खिडकीतनं तुमचा निळा शर्ट दिसत हुता."

"माफ करा चाचा."

"केलं," ते लगेच म्हणाले. "तुमाला माफ करायला मला काय जड न्हाई. हलकं वाटलं?"

खरं सांगितलं. "न्हाई."

"वाटायचं न्हाई." त्यांनी श्वास जुळवला. "म्या खोटं का बोललो, इचारलं न्हाईसा. तुमची अब्रू राखायला म्हून, असं वाटत असंल. मला बी पयल्यांदा तसंच वाटलं हुतं. लय मोठं काम केलं म्हून दोन-चार दीस झोप बी चांगली लागली. मग उमगलं. यासीन भितीला टेकून बघत हुता. त्येच्यापुढं म्या मिरवलं हुतं न्हवं, पाटलाचं पाणी येणार म्हून! माझी मान खाली जाऊ नये म्हून बोललो म्या. त्या दिशी. पिरापुढं. खजूर तेवडा खाल्ला हुता, म्हंजी रोजा सुटला हुता. तेवडी सवलत मिळती का बघायची." आणि हसले, खोकले, पुन्हा हसले.

"सोडा चाचा. कुणाला काय ठाऊक आहे?"

"त्येच की! कुणाला ठावं न्हाई. गाव त्ये खोटं सरबत म्हून प्यालंय. या दिवसाचं समदं हाय त्ये एवड्यावर हाय सर, की कोण कुठं हुतं. कोण पाण्यापाशी हुतं, कोण दारामागं हुतं. त्येच आपण दोघांनी फिरवलं." माझ्याकडे रोखून बघितलं. "म्या एकट्यानं सांगितलं तर ती चुगली हुईल. तुमी सांगा. माझं बी त्यात सुटंल."

"लोक तुम्हाला खोटं म्हणतील."

"म्हणू द्या की. हायच मी."

मोहरमला त्यांना गावी आणायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलं होतं. दहाव्या दिवशी शहनाजच्या नवऱ्यानं त्यांना गाडीत घालून आणलंच. न आणावं तर त्यांच्या रागापुढं घरात राहवेना, म्हणाला, तंबाखू सोडलीय.

मी विहिरीतून घागर भरली. खांद्यावर घेतली. फाटकाबाहेर रस्ता होता आणि या वर्षी रस्त्यावर माणसं होती. काहींनी बघितलं, काहींनी मोबाइल काढले. वाटेत चार जणांनी पाणी घेतलं, दोघांनी नको म्हटलं. अंगणात पोचलो. चाचांना खुर्चीत बसवलं होतं, गुडघ्यांवर चादर. मी घागर खाली ठेवली, काहिलीत ओतली नाही.

"गेल्या वर्षी आमच्या विहिरीचं पाणी वाटेत संपलं नव्हतं," मी म्हणालो. "ते निघालंच नव्हतं. मला ताप नव्हता. चाचा घागर घेऊन विहिरीवर बसले होते आणि मी घरात लपून बघत होतो. बायको तांब्या घेऊन निघाली होती, तिलाही मी अडवलं."

एवढंच बोललो. माझ्या आयुष्यातलं बहुधा सगळ्यात लांब भाषण.

काहिलीखालचं लाकूड तडतडलं. मग मागून एकजण म्हणाला, "आवं सर, आता कशाला त्ये? झालं गेलं." दुसरा म्हणाला, "झालं गेलं काय? आमी मतं दिली की रं त्येच्यावर!" त्या मतांचं काय करायचं ते मी पुढच्याच आठवड्यात केलं, संस्थेचा राजीनामा दिला. दोन-तीन घरची माणसं सरबत न घेता उठून गेली. त्यातल्या एकानं जाताना माझ्याकडे बघितलं, ते अजून लक्षात आहे.

मग एक म्हातारी, दर वर्षी पहिला पेला घेणारी, कपाळाला आठ्या घालून खुर्चीकडे वळली. "म्हंजी दस्तगीर, तू खोटं बोललास व्हय रं? पिराम्होरं?"

सगळं अंगण चाचांकडे बघू लागलं. यासीन या वर्षी भिंतीपाशी नव्हता. चाचांच्या खुर्चीमागे उभा होता, ते पडू नयेत म्हणून. चाचांनी दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर रोवले आणि उठले. यासीननं धरू पाहिलं, त्याला कोपरानं दूर केलं.

"व्हय," ते म्हणाले. एवढा आवाज त्या छातीतून निघेल असं वाटलं नव्हतं. "बोललो."

आणखी एक शब्द नाही. कारण नाही, सबब नाही, माझं नाव नाही. मग खाली बसले. घाट चढून आल्यावर ड्रायव्हर इंजिन बंद करतो आणि क्षणभर गाडीत कसलाच आवाज राहत नाही, तसे बसले. मी घागर काहिलीत ओतली. जे उरले होते ते प्याले.

पंजे नदीला निघाले तेव्हा चाचांना जमणार नव्हतं. शहनाजच्या नवऱ्यानं गाडी दाराशी आणली. मी आणि यासीननं त्यांना पुढच्या सीटवर बसवलं. मला काही म्हणतील म्हणून मी दारापाशी रेंगाळलो. त्यांचं लक्ष जावयाच्या गिअर टाकण्याकडे होतं. "क्लच पुरता दाब," म्हणाले. गाडी निघाली.

श्रावण सरताना रहिमतपूरला लेकीच्या घरी ते वारले. मी त्यांना शेवटचं बघितलं ते त्या संध्याकाळी, पाठमोरं. जन्मभर गाडीतल्या प्रवाशांना "हात आत घ्या, हात आत घ्या" म्हणून ओरडलेला तो माणूस. काच खाली केलेली, उजेड अजून होता, आणि त्यांचा हात खिडकीबाहेर होता. कुणाला निरोप देत नव्हता, हलत नव्हता. पाची बोटं पसरून वाऱ्यात नुसता धरलेला. कालव्याच्या वळणाला गाडी दिसेनाशी होईपर्यंत तो तसाच बाहेर होता.